साइटवरचं तोंड

आमच्या क्लिनिकला खिडकी नाही. उल्हासनगर कॅम्प दोनच्या बाजारात खाली साड्यांचं होलसेल दुकान आणि वर आम्ही, भर दुपारीही ट्यूबलाइट लावून बसलेले. तर त्या ट्यूबलाइटखालीसुद्धा ह्या बाई उजव्या हाताचा तळवा भुवयांवर आडवा धरून बसायच्या. डोळे बारीक, हात कपाळावर, आणि तशाच गप्पा चालू. पहिल्या दिवशी मला वाटलं, डोकं दुखत असेल. मी पाणी नेऊन दिलं. त्यांनी ग्लास रिकामा करून परत दिला आणि हात पुन्हा होता तिथं नेला.

"ताई, इथं ऊन नाहीये," मी म्हटलं.

त्यांनी हात खाली घेतला आणि त्यांनाच हसू आलं. "सवय गो बाय. साइटवरचं तोंड हाय हे."

बदलापूरच्या पुढं वांगणीकडं कधी गेला असाल तर तुम्हीही अशी माणसं बघितली असतील. वळणावर भलामोठा बोर्ड, बोर्डावर हसणारं गोरंपान कुटुंब, आणि खाली छत्री नि कागद घेऊन उभी असलेली दोन-चार माणसं. आपली गाडी जरा हळू झाली की ती खिडकीशी येतात. वन बीएचके, स्टेशनपासून जवळ, एकदा बघून घ्या. आपण काय करतो? काच वर करतो. त्या काचेपलीकडच्या ज्या बाई, त्या ह्या.

पन्नाशीला टेकलेल्या, अंगानं काटक, केस घट्ट बांधलेले. गिऱ्हाइकाला त्यांचं एकच वाक्य: "बघायला काय लागतं?" आमच्याकडं वेटिंगमध्ये बसल्या तरी ते सुटायचं नाही. मुरुमांसाठी मुलीला घेऊन आलेली आई असो, केस गळतात म्हणून आलेला दुकानदार असो, यांनी आपली पिशवीतून पत्रकं काढलीच. "मुलीचं लग्न जमवताय? मग जावयाला घर दाखवून ठेवा. बघायला काय लागतं?" एकदा डॉक्टर मॅडम केबिनमधून बाहेर आल्या तर वेटिंगमधले सगळे पेशंट हातात फ्लॅटचा नकाशा धरून बसलेले. मॅडम सिंधी आहेत, त्यांना मराठी सगळं समजतं पण बोलताना हिंदीत जातात. मला म्हणाल्या, "ये स्किन क्लिनिक है के प्रॉपर्टी का एक्झिबिशन?" मी बाईंना दम दिला. त्यांनी सगळ्यांकडून पत्रकं गोळा केली, आणि जाताना एक मॅडमच्याच टेबलावर ठेवून गेल्या.

मी तिथं चेहरा साफ करणं, सुन्न करायची क्रीम लावणं, फोटो काढणं, लेझरच्या वेळी मॅडमच्या हाताशी उभं राहणं, आणि पेशंटला समजावणं अशी सगळी कामं करते. समजावणं म्हणजे निम्मं रागावणं. आमच्या घरी म्हणतात, हिच्या तोंडाला झाकण नाही. तर अशी मी, पहिल्यांदा त्यांचा चेहरा तपासायच्या दिव्याखाली बघितला आणि रागवायचंच विसरले. डावा गाल आणि उजवा गाल दोन वेगळ्या बायकांचे. उजवीकडं वयाला शोभतील अशा सुरकुत्या. डावीकडं कातडी जाड, रापलेली, गालफडावर तपकिरी डागांचा राडा, डोळ्याच्या कडेला खोल रेघा.

"हे असं एका बाजूला का?"

"रिक्षा," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाईक आत बसतं. मी कडेला."

स्टेशनपासून साइटपर्यंत, साइटपासून स्टेशनपर्यंत, दिवसभर. रिक्षातून उतरलं की कंपनीच्या नावाची छत्री उघडायची आणि गिऱ्हाइकाच्या डोक्यावर धरायची. मी विचारलं, "आणि तुमच्या डोक्यावर कोण धरतं?" तर त्यांना तो विनोद वाटला. त्याआधीची सगळी वर्षं शेतात गेलेली. ती जमीन दिरांनी विकली, तिथं बिल्डिंगा आल्या. नवऱ्याच्या पाठीचं ऑपरेशन झालं आणि तो घरीच बसला. काम सोडायचं नाव काढण्यात अर्थ नव्हता.

आणि आमच्याकडं येण्याच्या आधीच्या मे महिन्यात त्या साइटवर चक्कर येऊन पडल्या होत्या. फ्लॅट बघायला आलेल्या बाईनंच तोंडावर पाणी मारलं. शुद्धीवर आल्यावर यांनी काय केलं असेल? तिला सॅम्पल फ्लॅट दाखवायला घेऊन गेल्या.

"पण आणखी एक उन्हाळा मी बाहेर काढायची नाय," त्यांनी मला स्पष्ट सांगितलं. "एक दिवस उठायचीच नाय मी."

साइटचा बिल्डर शेठ नवीन ऑफिस बांधत होता. काचेचं, एसी, आत सोफा, आणि येणाऱ्याला माहिती सांगायला एक खुर्ची. त्या खुर्चीत मला बसवा, असं यांनी शेठला विचारलं होतं. माहिती तर यांना तोंडपाठ. शेठ हसला होता. म्हणाला, "काकी, आत फेस लागतो, फेस." म्हणून त्या आमच्याकडं आल्या होत्या. एका गिऱ्हाइकानं सांगितलं होतं, लेझरनं उन्हाचं सगळं निघतं म्हणून.

डॉक्टर मॅडमनी सगळं तपासलं. मॅडम घाई करणाऱ्यातल्या नाहीत. "लेझर मेरा काम, क्रीम आपका काम," त्या म्हणाल्या. "दोनो साथ में चलेगा तोही फायदा." आधी काही आठवडे रात्रीची क्रीम, डागांची क्रीम आणि दिवसा सनस्क्रीन, म्हणजे कातडी तयार होते. मग लेझर. मग पुन्हा क्रीम. लेझरनं नवी कातडी वर यायला लागते आणि क्रीमनं ती टिकते, असं मी माझ्या भाषेत समजावते. "लेकिन धूप बंद करनी पडेगी. पूरी बंद."

"मॅडम, ऊन बंद झालं असतं तर मी हितं कशाला आले असते?"

बाईंचं म्हणणं खोटं नव्हतं. आत बसल्या तर चेहरा सुधारणार, आणि चेहरा सुधारला तर आत बसवणार. असा तिढा मी त्याआधी बघितला नव्हता. शेवटी मॅडमनी अट घातली. लेझर झाल्यावर निदान आठवडाभर सुट्टी, घराबाहेर पाऊल नाही, आणि नंतरही सनस्क्रीन चुकवायची नाही. सुट्टी नसेल तर लेझर नाही.

सनस्क्रीनवरून आमचं दर खेपेला वाजायचं. मी सगळ्यांना शिकवते, पहिली दोन बोटं पुढं करायची, त्यावर मुळापासून टोकापर्यंत क्रीमची रेघ ओढायची, एवढी एका चेहऱ्याला. बाई लावायच्या हरभऱ्याच्या डाळीएवढी. का? तर ट्यूब रविवारसाठी राखून ठेवलेली. रविवारी गिऱ्हाईक जास्त येतं, तेव्हा चांगलं दिसायला हवं! मी कपाळावर हात मारला. "अहो, ही पावडर आहे का सणाची? सोमवारचं ऊन काय सावत्र आहे?" स्कार्फ बांधा म्हटलं तर शेठला चालत नाही, गिऱ्हाइकाला तोंड दिसलं पाहिजे. मग रोज सकाळी मी त्यांना फोन करायला लागले. हॅलोसुद्धा नाही. "दोन बोटं?" "दोन बोटं, बाय, शप्पथ."

पहिलं लेझर थंडीत झालं. त्यांनी खरोखर सुट्टी घेतली, घरात पडदे ओढून बसल्या. सून चिडवायची, सासूबाईंना हळद लागलीय काय म्हणून. पुढच्या वेळी आल्या तेव्हा मी आरसा हातात दिला. डाग गेले नव्हते, पण उतरले होते. कातडीला मऊपणा आला होता. त्यांनी डाव्या गालावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग आरसा मला परत न देता पर्समध्येच टाकायला लागल्या, तेव्हा मी हिसकावून घेतला. दोघी खूप हसलो. मला खरंच वाटलं होतं, जमणार.

आता पुढचं ऐका. नवीन ऑफिसचं उद्घाटन गुढीपाडव्याला होतं. शेठनं सांगितलं होतं, त्या दिवशी सगळ्यांना बघून खुर्चीचं ठरवू. आणि ह्या बाई पाडव्याच्या चार दिवस आधी दुसऱ्या लेझरला आल्या. सुट्टी घेतलीय, बहिणीकडं राहायला जातेय, असं मॅडमना तोंड वर करून सांगितलं. पाडव्याचा शब्द काढला नाही. मॅडमनी विश्वास ठेवला, मीही.

त्यांचं गणित काय होतं, तुमच्या लक्षात आलं असेल. आपल्या बायका लग्नाच्या आदल्या दिवशी पार्लरमध्ये जाऊन फेशियल करतात ना, म्हणजे मांडवात चेहरा उजळलेला दिसतो. तेच गणित. लेझर म्हणजे मोठं फेशियल, चार दिवस आधी केलं की पाडव्याला चकाकी. पहिल्या वेळचे कातडी सोलण्याचे दिवस पडद्याआड गेलेले, त्यामुळं कुणी बघितलेच नव्हते, आणि त्या स्वतःही विसरल्या होत्या.

चौथ्या दिवशी लेझरचा चेहरा कसा असतो ते मला विचारा. लाली गेलेली असते, पण बारीक बारीक तपकिरी ठिपके, हात लावला तर वाळूसारखं लागतं, कडेनं सोलायला सुरुवात. पाडव्याच्या सकाळी यांनी आरशात बघितलं आणि वरून पावडर थापली. सनस्क्रीन लावलीच नाही, फोटोत पांढरट दिसतं म्हणे. नवी साडी, गजरा. शेठनं एकदा तोंडाकडं बघितलं आणि म्हणाला, "काकी, आज तू गेटवर थांब. गाड्या आत घे." दिवसभर त्या गेटवर उन्हात हात हलवत होत्या. आत खुर्चीत कल्याणची एक पोरगी बसली होती. नवीनच लागली होती.

त्या आमच्याकडं आल्या तेव्हा दोन्ही गालांवर काळे पट्टे उमटले होते. आधीच्या डागांपेक्षा गडद. मी बघितलं आणि माझा तोल गेला. सगळ्या वेटिंगसमोर ओरडले. "खोटं का बोललात? सुट्टी होती ना? बहिणीकडं होतात ना? काय करून घेतलंत हे!"

त्यांनी हात कपाळावर नेला. ट्यूबलाइटला नव्हे, मला आडवा. "ओरडा," म्हणाल्या. "घरी कुणी ओरडत नाय. घरी नुसते बघतात."

मी त्यांना आतल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. मग त्यांनी पाडव्याचं सगळं सांगितलं, गजऱ्यापासून गेटपर्यंत. त्या रडल्या नाहीत. मला मात्र आवरलं नाही. उलट त्याच माझ्या पाठीवर हात फिरवत होत्या, आणि मी त्यांच्यावरच चिडत होते.

मॅडमनी लेझर बंद केलं. आता फक्त क्रीम, महिनोन्‌महिने. आणि इथं मी त्यांना मानलं. तो उन्हाळा त्यांनी बोर्डाच्या सावलीत काढला. सावली सरकेल तशा सरकायच्या. सकाळी बोर्डाच्या एका बाजूला, दुपारी खांबाला चिकटून, संध्याकाळी दुसऱ्या बाजूला. चक्कर आली की बसायच्या, उतरली की उठायच्या. दर दोन-तीन तासांनी सनस्क्रीन, दोन बोटं. माझा फोन जायच्या आधी त्यांचाच यायचा. दिवाळीपर्यंत पट्टे फिके झाले, आणि मॅडमनी थंडीत पुन्हा एकदा हलकं लेझर केलं. या वेळी सुट्टी खरी होती. बहिणीकडून मला व्हिडिओ कॉल केला, मागं बहीण पुरावा म्हणून उभी.

आणि काय सांगू, चेहरा खरंच छान झाला हो! तरुण नव्हे. पण दोन्ही गाल एकाच बाईचे वाटायला लागले. डोळ्यांखालचा थकवा गेला. फोटो शेजारी शेजारी ठेवून मॅडमसुद्धा म्हणाल्या, "वाह, साईं!" त्याच सुमारास कल्याणच्या त्या पोरीचं लग्न ठरलं आणि तिनं नोकरी सोडली. खुर्ची रिकामी. मी बाईंना म्हटलं, "आजच जा. चांगली साडी नेसून जा आणि विचारा."

दोन दिवसांनी त्या आल्या. हातात मिठाईचा पुडा. मी उडीच मारली.

"थांब बाय, उगा नाचू नको," त्या म्हणाल्या. पुडा शेठनं दिला होता. शेठ खूप गोड बोलला होता. त्याचं बोलणं बाईंनी जसंच्या तसं म्हणून दाखवलं. "काकी, आत बसायला मला कोणपण मिळेल. बाहेर तुझ्यासारखी मिळणार नाही. लोक तुझ्या तोंडाकडं बघतात ना, त्यांना वाटतं ही उन्हातान्हात राबलेली बाई, ही काय फसवणार. तुझ्यामुळं बुकिंग येतं. आणि ते क्रीमबीम बंद कर बघू. जास्त चिकणी झालीस तर माझा धंदा बसेल."

"म्हणजे?" मी विचारलं, जणू मला कळलं नव्हतं.

"म्हणजे बिघडलं तवा बाहेर, सुधारलं तरी बाहेर." त्यांनी पुड्याची गाठ सोडून पेढा माझ्या हातावर ठेवला. "कौतुकच केलं गो त्यांनी माझं. काय बोलणार?"

मी शेठला फोन लावायला निघाले होते. नंबर पत्रकावर होताच. त्यांनी माझा मोबाईल काढून घेतला. "माझं बाहेरचंपण घालवशील," म्हणाल्या. तो पेढा मी पुड्यात परत ठेवला. असल्या माणसाला गोड बोलायला कोण शिकवतं, देव जाणे.

त्यानंतर त्यांनी लेझर सोडलं. रात्रीची क्रीम सोडली, डागांची सोडली. नवी खुर्चीवाली आली होती म्हणे, पनवेलची. शेवटच्या खेपेला जाताना बाईंनी फक्त सनस्क्रीनची ट्यूब मागितली. मी विचारलं, आता ती तरी कशाला? "जळतं तरी कमी," त्या म्हणाल्या. पुढं हळूहळू फोनही थांबले.

आम्ही अंबरनाथला भाड्यानं राहतो. माझा नवरा एमआयडीसीत कामाला, घर घ्यायचं आमचं कधीपासून चाललंय. या एप्रिलमध्ये तो म्हणाला, वांगणीला एक साइट आहे, कंपनीतल्या दोघांनी घेतलंय. नाव ऐकलं आणि मी लगेच हो म्हटलं. पेशंटच्या गोष्टी मी घरी सांगत नाही, त्यामुळं त्याला काही माहीत नव्हतं.

स्टेशनबाहेर त्या उभ्या होत्या. डावा गाल पुन्हा रापलेला, मला लांबूनच दिसला. त्यांनी मला ओळखलं, पण नवरा बरोबर बघून ओळख दाखवली नाही. फक्त स्वतःच्या गालाकडं बोट नेलं. त्यांच्या कानाजवळ सनस्क्रीनची पांढरी रेघ नीट पसरायची राहिली होती. "दोन बोटं," त्या हळूच पुटपुटल्या.

रिक्षात मी म्हटलं, तुम्ही आत बसा, मी कडेला बसते. "छे, आम्ही कडेलाच," म्हणून त्या बसल्यासुद्धा. वाटेत माझ्या नवऱ्याला सगळं नीट सांगितलं. पाणी किती वेळ येतं, कुठली बिल्डिंग रेंगाळलीय. मग माझ्याकडं वाकून म्हणाल्या, "नाल्याच्या बाजूची घेऊ नका. तिथं पावसाळ्यात तुंबतं." उतरल्यावर छत्री उघडून आम्हा दोघांवर धरली, आणि स्वतः उन्हातून ऑफिसच्या पायरीपर्यंत चालत आल्या. पायरीवर थांबल्या.

"इथून पुढं आतल्या मॅडम सांगतात."

आत काय गार होतं! सोफा, फुलदाणी, खुर्चीत लिपस्टिक लावलेली गोड मुलगी. तिनं नकाशा उलगडला. माझा नवरा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, पण त्याचं हळू म्हणजे सगळ्यांना ऐकू जातं, "मला तर त्या बाईंमुळंच भरवसा वाटतोय. उन्हात एवढी रापलेली बाई, ती कशाला खोटं बोलेल?"

खुर्चीतली मुलगी हसली. "सगळे हेच म्हणतात, सर."

मी मागं वळून बघितलं. बाई पायरीवरच होत्या. हाताचा तळवा भुवयांवर आडवा धरून, कपाळ काचेला टेकवून त्या आत बघत होत्या. आम्हाला नव्हे. खुर्चीला, एसीला, भिंतीवरच्या चित्राला. मला तिथं बसवेना. मी उठले, काचेचं दार ढकलून बाहेर आले. उन्हानं डोळे मिटले माझे.

"काय बघताय ताई?"

"बघायला काय लागतं?" त्या म्हणाल्या, आणि छत्री उघडून माझ्या डोक्यावर धरली.